विश्लेषण : नोकरी सांभाळून एलएलबी करता येते का? तास जुळतात, वेळ जुळत नाही!

सीईटीचे अर्ज सुरू झाले की आमच्या डेस्कच्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येऊन पडतो. ‘बँकेत आहे, एलएलबी करता येईल का?’, ‘आयटीत आहे, संध्याकाळचे कॉलेज कुठे आहे?’, ‘पोलीस खात्यात आहे, हजेरीचे काय?’ आजूबाजूला विचारले तर उत्तर ठरलेले : ‘होतं मॅनेज!’ या दोन शब्दांवर विसंबून अनेक जण फी भरून मोकळे होतात. त्यांचा नेमका अर्थ काय आणि तो कोणाला महागात पडतो, हे प्रवेशाआधीच समजून घेतलेले बरे.

नियम काय सांगतो?

पदवीनंतरची एलएलबी ३ वर्षांची, म्हणजे ६ सत्रांची. आधीची पदवी कोणत्याही शाखेची चालते. खुल्या प्रवर्गाला त्यात किमान ४५ टक्के गुण लागतात. ज्या पदवीवर वकिलीची सनद मिळते, ती कशी शिकवायची हे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे विधि शिक्षण नियम, २००८ ठरवतात. दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी सनदेसाठी चालत नाही आणि अर्धवेळ एलएलबीची सोयही या नियमांत नाही.

सत्र किमान १५ आठवड्यांचे. आठवड्याला किमान ३० तास, त्यातले किमान २४ तास व्याख्यानांचे. प्रत्येक विषयात किमान ७० टक्के हजेरी. अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण सर्व विषयांची मिळून ७० टक्के भरावीच लागते. शिवाय पूर्ण निवासी नसलेल्या महाविद्यालयात वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यायचे.

सप्टेंबर २०२४ मध्ये परिषदेने परिपत्रक काढून यात आणखी भर घातली. हजेरी बायोमेट्रिक घ्यावी, वर्गात सीसीटीव्ही असावेत आणि शिक्षण सुरू असताना नोकरी केली का, केली असल्यास ना हरकत प्रमाणपत्र घेतले होते का, हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे. या घोषणापत्राशिवाय अंतिम गुणपत्रिका आणि पदवी देऊ नये, असेही त्यात आहे.

गणित मांडून पाहू

इंजिनीअरिंग सुटले तरी आकडे मांडून पाहण्याची सवय सुटत नाही. आठवड्याचे ३० तास, १५ आठवडे, म्हणजे सत्राचे ४५० तास. त्याचे ७० टक्के ३१५. सहा सत्रांचे मिळून १,८९० तास वर्गात बसायचे. आठवड्याच्या हिशेबात हे २१ तास होतात.

आता आठवड्याचे १६८ तास घ्या. नोकरीचे ४८, प्रवासाचे १२, रोजच्या ७ तास झोपेचे ४९ आणि वर्गाचे २१. बेरीज १३०. उरले ३८ तास. त्यात जेवण, घर, आजारपण, अभ्यास, लग्नकार्य सगळे आले. ओढाताण आहे, पण अशक्य मात्र नाही.

अडचण पुढे आहे. आठवड्याचे ३० तास सहा दिवसांत वाटले तर रोजचे ५ तास होतात. सकाळी ८ ला वर्ग सुरू झाला तर तो दुपारी १ ला संपतो आणि कार्यालयात १० ला थंब लावायचा असतो. संध्याकाळी ६ ला सुटलो तर ७ ला वर्गाचे दार बंद. मधला तास चर्चगेटच्या गर्दीत किंवा हिंजवडीच्या सिग्नलवर जातो. एकूण तास भरता येतील. पण नोकरदाराकडे ते ज्या वेळेला असतात, त्या वेळेला नियमाने वर्गच ठेवलेला नाही. दुपारची किंवा रात्रपाळी असलेल्यांनाच हे वेळापत्रक कसेबसे झेपते. त्यांच्याही झोपेचा बळी जातोच.

मग ‘मॅनेज’ म्हणजे काय?

माझ्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधला एक मित्र सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. घरच्या जमिनीचा दावा वर्षानुवर्षे रखडलेला. वकील काय बोलतात ते तरी कळावे, म्हणून त्याने एका खासगी महाविद्यालयात एलएलबीला प्रवेश घेतला. नोकरी करतो हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. ‘फी भरा, हजेरीचं बघू,’ असे खिडकीतून उत्तर आले. दोन सत्रे खरोखरच ‘बघितली’ गेली. तिसऱ्या सत्रात बायोमेट्रिक यंत्र बसले आणि परीक्षेच्या तोंडावर सूचनाफलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. त्याच्या नावापुढे ४१ टक्के होते. खिडकीतल्या त्याच माणसाने या वेळी नियम दाखवला.

हप्ते सुरू असताना नोकरी सोडणे शक्य नव्हते. वर्ष वाया गेले. त्याने मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यात आहे : ‘समजा, यातून निघालो. शेवटी नोकरीचं ते लिहून द्यायचंय, त्यात खरं लिहू की खोटं?’ कायदा शिकायला गेलेल्या माणसावर पहिली सही खोटी करण्याची वेळ यावी, ही या व्यवस्थेची खरी किंमत आहे. जो कागदावर हजेरी लावून घेतो तो पुढे जातो. जो खरे सांगतो तो अडकतो.

यात महाविद्यालयांचीही सोय असते. नोकरदार फी वेळेवर भरतो, वर्गात जागा अडवत नाही आणि तक्रार करू शकत नाही, कारण तो स्वतःच नियमाबाहेर असतो.

हजेरी रद्द करावी का?

नाही. अशिलाचे घर, जमीन, कधी स्वातंत्र्यही वकिलाच्या हातात असते. अभिरूप न्यायालय, मसुदालेखन, न्यायालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण या गोष्टी गाइड वाचून येत नाहीत. हजेरीचा आग्रह यातून आला आहे आणि तो रास्त आहे.

मात्र या आग्रहाची दुसरी बाजूही न्यायालयासमोर आली आहे. हजेरीअभावी परीक्षेला मुकलेल्या एका विद्यार्थ्याच्या २०१६ मधील आत्महत्येच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला. केवळ हजेरी कमी म्हणून विधि विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे सांगत न्यायालयाने परिषदेला हजेरीच्या निकषांचा फेरविचार करायला सांगितले. हा फेरविचार करताना नोकरदारांचा प्रश्नही विचारात घेता येईल.

पदवी हातात आली, पुढे?

इथे अनेकांचा दुसरा गैरसमज फुटतो. परिषदेच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. वकिली करायची तर नोकरी सोडावी लागते. सनदेनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. न्यायाधीश व्हायचे असेल तर आणखी एक पायरी आहे. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी ३ वर्षांचा वकिलीचा अनुभव पुन्हा आवश्यक झाला आहे. नोकरीत राहून एलएलबी आणि थेट न्यायाधीश, हा मार्ग बंद झाला.

नोकरीतच राहायचे असेल तरी पदवी वाया जात नाही. कंपनीचा विधि विभाग, मनुष्यबळ, बँकांतील वसुली, विभागीय चौकशा अशा कामांत ती उपयोगी पडते. पेटंटच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या इंजिनीअरांनी मात्र लक्षात ठेवावे, की पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, एलएलबी नव्हे.

फी भरण्याआधी काय पाहावे?

वेळापत्रक तोंडी नको, लेखी मागा. हजेरी कशी घेतात आणि कमी पडल्यास काय होते, हे विद्यापीठाच्या नियमांसह विचारा. आपल्या कार्यालयाकडून पूर्वपरवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र आधीच घ्या. सरकारी नोकरीत तर ते टाळूच नका. पाळी बदलून मिळेल का, हे वरिष्ठांशी बोलून घ्या. दुसरी नियमित पदवी सोबत करू नका. यूजीसीने दोन पदव्यांना मुभा दिली असली, तरी एलएलबीसोबत परिषदेला ती मान्य नाही.

बदल काय हवा?

महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते करून दाखवले. गिरणगावातल्या रात्रशाळांतून कामगार शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणूनच. अमेरिकेत संध्याकाळची अर्धवेळ विधि पदवी ३ ऐवजी साधारण ४ वर्षांत पूर्ण होते. आपल्याकडेही एआयसीटीईने नोकरदारांसाठी लवचीक वेळेत पदविका आणि पदवीचे वर्ग चालवायला मान्यता दिली आहे. पुलाचे गणित संध्याकाळी शिकवता येते, तर करार कायदा का नाही?

परिषदेने १,८९० मधला एक तासही कमी करू नये. ते तास ४ वर्षांत, संध्याकाळी ७ नंतर आणि शनिवार-रविवारी भरू द्यावेत. बायोमेट्रिक तिथेही लावावे, परीक्षा तीच ठेवावी. मग घोषणापत्रात ‘नोकरी करतो’ असे लिहायला कोणी घाबरणार नाही आणि महाविद्यालयाच्या खिडकीलाही ‘हजेरीचं बघू’ म्हणायची गरज उरणार नाही. माझा मित्र अजून टेस्टरच आहे. जमिनीच्या दाव्याची पुढची तारीख लागली, की तो रजा टाकून न्यायालयात जातो आणि वकिलाच्या मागच्या बाकावर बसून ऐकतो. त्या दिवसाची हजेरी कुठेच लागत नाही.