मुंबईत आपलं कोण आहे?

ग्वाल्हेरच्या इंदरगंजात एखाद्या मराठी घरातल्या मुलाने ‘मला ॲक्टिंग करायचीय’ म्हटलं, की ‘तुला येतं का?’ असं कुणी विचारत नाही. ‘मुंबईत आपलं कोण आहे?’ असं विचारतात. आमच्याकडेही तेच झालं. नाटकाचं वावडं नाही हो. जवळच दाल बाजारातल्या नाट्यमंदिरात आमची माणसं वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून तोंडाला रंग लावत आली. पण पोटासाठी नट व्हायचं म्हटलं की नातेवाइकांची उजळणी सुरू होते. कुणाचा तरी साडू एका मालिकेचं प्रॉडक्शन बघतो असं निघतं, आणि त्याचा नंबर शोधायची धावपळ!

या प्रश्नाला नाकं मुरडणं सोपं आहे. मला तो रास्तच वाटतो. उत्तर मात्र भलतीकडे शोधलं जातं.

घरचं नातं नेमकं काय देतं? १९१३ साली ते काहीच देत नव्हतं, उलट हिसकावून घेत होतं. ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना बाई मिळेना, म्हणून तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला अशा मायलेकी उभ्या राहिल्या. तेव्हा आईच्या पावलावर पाऊल टाकणं म्हणजे समाजाच्या शिव्यांतही वाटेकरी होणं होतं. त्याच कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले. पुढे या आडनावाला जे वजन आलं, ते असं आलं.

मग नूतन. १९५० मध्ये शोभना समर्थांनी ‘हमारी बेटी’ स्वतः काढला, स्वतः दिग्दर्शित केला आणि लेकीला पुढे केलं. दहा वर्षांनी ‘छबीली’ काढून तनुजालाही. आज हे झालं असतं तर आपण मीम्स करून मोकळे झालो असतो. पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या काही चित्रपटांनंतर नूतनला शिकायला स्वित्झर्लंडला पाठवलं. ती परत आली आणि ‘सीमा’ (१९५५) केला. त्यातलं काम तिचं स्वतःचं, तिथे आई काही करू शकत नव्हती. आईने दिली ती मधली वर्षं! थांबायला, शिकायला, पुन्हा उभं राहायला. वशिल्याने पहिली संधी मिळते हे सगळेच बोलतात. त्याने दुसरी आणि तिसरीही मिळते, खरा फरक तिथे पडतो.

बिनवशिल्याच्या माणसाला ही वर्षं कुठून तरी उभी करावी लागतात. आमच्या ग्वाल्हेरचेच तिघं घ्या. पीयूष मिश्रा दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. शरद केळकर आधी व्यायामाचे शिक्षक, मग दूरदर्शनची मालिका. ‘तान्हाजी’तले शिवाजी महाराज व्हायला २०२० उजाडलं. कार्तिक आर्यन नवी मुंबईत इंजिनिअरिंग करता करता ऑडिशन देत फिरला. डॉक्टर आईबापांनी शिकायला पाठवलेलं पोर, म्हणून मुंबईच्या दारात राहायची सोय तरी झाली.

म्हणजे हीही घरचीच मदत. आपण तिला वशिला म्हणत नाही, इतकंच.

मी डोंबिवलीला मावशीकडे राहतो. भाडं नाही, डबा आयता, रात्री उशीर झाला तर ती फक्त ‘जेवलास का?’ विचारते. त्या साडूंचा फोन लागला असता तर एखादी ऑडिशन मिळाली असती. मावशीमुळे दोन वर्षं मिळाली. आता सांगा, माझा वशिला कोणता? फिल्मी घरातल्या मुलांना शिव्या घालताना मी हा हिशेब मनात ठेवतो. त्यांचं पारडं जड आहेच, पण माझंही अगदी रिकामं नाही. आणि साडूंचा फोन उद्या लागला तर मी जाईन, कुणामुळे आलो तेही सांगेन. लपवायचं कशाला?

पण हा हिशेब आपल्या मंडळातही मांडायला हवा. एकांकिकेच्या तालमी रात्री साडेनऊ-दहापर्यंत चालतात. हॉस्टेलच्या मुलींचं गेट त्याआधी बंद होतं, विरारवाल्यांचे घरचे कटकट करतात, संध्याकाळी नोकरी करणारे तर विचारायलाच येत नाहीत. उरतात कोण? जवळ राहणारे, किंवा ज्यांच्या घरी कुणी विचारत नाही असे. मग मोठ्या भूमिका त्यांनाच जातात आणि आपण म्हणतो, ‘निवड गुणांवर झाली.’ यात कुणाचा काका निर्माता नाही, तरी निवड आधीच झालेली असते.

यंदा तालमी दुपारी दोन ते सहा ठेवून बघूया. लेक्चरं आड येतील, भांडणं होतील. शेवटच्या आठवड्यात उशीर होणारच. तेव्हा जवळ राहणाऱ्यांनी एकेकाला रात्री घरी न्यावं. आणि ज्यांच्याकडे कास्टिंगवाल्यांचे नंबर आहेत, त्यांनी ऑडिशनच्या बातम्या खासगीत न ठेवता मंडळाच्या ग्रुपवर टाकाव्यात. माझ्याकडे दोन बातम्या आहेत. आज रात्री टाकतो.