मशिदीतील समता आणि परिच्छेद ३



नारपोलीत आपल्या घरांशेजारी यंत्रमाग चालतात आणि त्यांवर राबणारे पुष्कळ हात मुसलमानांचे आहेत. त्यांची अजान आपल्या कानी रोज पडते. परंतु त्यांचा धर्म काय सांगतो, याची विचारपूस आपण कधी केली आहे काय? केली असती, तर पुढील वाक्य आपल्याच माणसांच्या तोंडी आले नसते : "इस्लामात जात नाही, मग मुसलमान मेहतराला अनुसूचित जातीचा हक्क कशाला?"

इस्लामची श्रद्धा सरळ आहे. ईश्वर एक, त्याला मूर्ती नाही व भागीदार नाही. महंमद त्याचे अखेरचे प्रेषित. कुराण त्याचा शब्द. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या कृत्यांचा निवाडा. आचार पाच : कलमा, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, ठरावीक मर्यादेवरील संपत्तीतून शेकडा अडीच जकात, आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज. यांतील ईश्वर व प्रेषित आपणांस मान्य नाहीत. महंमदांनी स्वतःस अखेरचा प्रेषित म्हटले, बुद्धाने मात्र आपल्या धम्मात स्वतःसाठी असे स्थान राखले नाही, हा भेद बाबासाहेबांनी १९५० साली लिहून दाखविला आहे. तो लपविण्याचे कारण नाही. परंतु नमाजाच्या रांगेत मालक व मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि अजान देण्याचा पहिला मान बिलाल या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या हबशाला मिळाला, हेही तितकेच खरे.

धर्म सांगतो ते समाज करतोच, असे मात्र नव्हे. पाकिस्तानवरील ग्रंथात बाबासाहेबांनी १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीचा आधार देऊन अश्रफ, अजलफ व अर्झल असे थर दाखविले. हलालखोर, लालबेगी, मेहतर अशा अर्झलांना मशिदीत प्रवेश नव्हता, सार्वजनिक कबरस्तानही नव्हते. रांगेतली समता त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

आता कायदा पाहा. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश, परिच्छेद ३ : हिंदूखेरीज अन्य धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली शीख त्यात आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घेतलेले आपले आईबाप मात्र केंद्राच्या दाराबाहेर राहिले, तब्बल १९९० पर्यंत! त्यांना कोणता युक्तिवाद ऐकविला गेला? "बौद्ध धर्म जात मानीत नाही, मग तुम्ही अस्पृश्य कसले?" तेच वाक्य आज आपण शेजाऱ्याला ऐकवतो! दीक्षेने आपले मन बदलले. गावाची नजर त्या दिवशी बदलली होती काय?

इतर मागासवर्गाची सवलत अनेक मुसलमान जातींना आहे, हे मी जाणतो. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती व जमातींपुरता आहे. मुसलमान मेहतराला जातीवरून शिवी दिली, तर त्या कायद्याखाली त्याची फिर्याद उभीच राहत नाही.

वाटेकरी वाढतील, अशी धास्ती काहींना वाटते. मग वाटा वाढवून मागा. सरकारशी भांडा, शेजाऱ्याशी नव्हे. परिच्छेद ३ काढून टाकावा, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ सालीच केली आहे. विहारातील पुढल्या सभेत तिच्या अंमलबजावणीचा ठराव आपणच मांडावा आणि त्याची प्रत शेजारच्या मशिदीतही नेऊन द्यावी.