अ‍ॅपला कळण्याची भाकरी कळत नाही

रूममेटच्या आग्रहाने मी मागच्या सेमिस्टरला कॅलरी मोजणारं एक अ‍ॅप मोबाइलमध्ये टाकलं. पहिल्याच दिवशी घरून डबा आला होता. आपल्याकडे डबा कसा येतो, हे तुम्हाला सांगायला नको. आई सकाळी एसटीत ठेवते, कंडक्टरकाका स्टँडवर उतरवून देतात आणि आपण चहा पीत गाडीची वाट बघत उभे असतो. डब्यात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी.

जेवण झाल्यावर अ‍ॅप उघडलं आणि ‘कळणं’ शोधलं. काहीच नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, तरी नाही. शेवटी मल्टिग्रेन ब्रेड निवडला आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपने सल्ला दिला की नाश्त्याला ओट्स आणि बेरीज घ्या. सकाळी साडेसहाला पहिली एसटी पकडणाऱ्या पोरीला बेरीज! चौथ्या दिवशी मी अ‍ॅप काढून टाकलं.

खरं सांगायचं तर अ‍ॅप काढून टाकणं सोपं होतं. त्या चार दिवसांत जे दिसलं ते विसरणं अवघड गेलं. मी रोज नेमकं काय खाते, हे पहिल्यांदाच एका जागी लिहिलेलं समोर आलं. सकाळी चहा-बिस्कीट. अकराला कँटीनमध्ये समोसा. दुपारी मेसच्या दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण. संध्याकाळी पुन्हा चहा, सोबत कधी कचोरी. रात्री पुन्हा तेच वरण. फळ चार दिवसांत एकदाही नाही. पालेभाजी एकदा, तीही घरच्या डब्यात.

म्हणजे अ‍ॅप वाईट नाही. ते आरसा दाखवतं. अडचण पुढे सुरू होते, आरशात दिसलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी ते आपल्यालाच दोषी धरतं तेव्हा.

आकडे काय म्हणतात?

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या तरुणीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि ६५ किलोच्या तरुणाला ५४ ग्रॅम. लोह मुलींना २९ मिलिग्रॅम आणि मुलांना १९ मिलिग्रॅम. आता वरची यादी पुन्हा वाचा. चहा-बिस्कीट, समोसा आणि पातळ वरण यातून हे आकडे गाठता येतील का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. कमी व्हायला हवं होतं, ते वाढलं. लेक्चरला डोळे मिटतात, जिना चढताना धाप लागते, केस गळतात. आपण म्हणतो, ‘टेन्शन आहे गं परीक्षेचं.’ दरवेळी कारण परीक्षाच असते असं नाही.

गंमत बघा. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन होतं, तूर होते, हरभरा होतो. म्हणजे प्रथिनांची कोठारं आपल्याच शिवारात आहेत. सोयाबीन पोत्यात भरून मार्केट यार्डात जातं आणि त्याच शेतकऱ्याची पोरं शहरात मेसच्या वरणात डाळ शोधत बसतात.

कॅलरीचा अभ्यास नको, ताटाचा हवा

बहुतेक अ‍ॅप्सचं गणित सोपं आहे. किती कॅलरी आत, किती बाहेर. कमी खाल्लं की हिरवा रंग, जास्त खाल्लं की लाल. पण ज्या मुलीच्या पोटात दुपारपर्यंत चहाशिवाय काही नाही, तिला हिरवा रंग दाखवून शाबासकी देणारं अ‍ॅप तिचं भलं करतंय का? माझ्या वर्गातल्या दोघी ‘टार्गेट पूर्ण झालं’ म्हणून रात्रीचं जेवण टाळायच्या. अ‍ॅप त्यांना टाळ्या वाजवायचं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये खाण्याच्या विकारांनी त्रस्त असलेल्या १०५ जणांचा अभ्यास झाला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी कॅलरी मोजणारं एक लोकप्रिय अ‍ॅप वापरलं होतं आणि त्यांच्यापैकी ७३ टक्के लोकांना वाटत होतं की त्यांचा आजार वाढण्यात अ‍ॅपचाही हात आहे. अ‍ॅपमुळेच आजार होतो, असं यातून सिद्ध होत नाही. पण आकड्यांच्या मागे लागलं की ताट विसरायला होतं, एवढं तर कळतं.

आपल्या पदार्थांचा विचार करणारी अ‍ॅप्सही आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१८ मध्ये ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ आणलं, ते भारतीय खाण्यावर आधारलेलं आहे. बंगळुरूत २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्दीफायमी’नेही पोळी-भाजी मोजायची सोय केली. ही सुधारणा चांगलीच आहे. तरीही मेसचं वरण घट्ट करणं कुठल्याच अ‍ॅपच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.

शेगावने काय शिकवलं?

ताटात काय येतं हे विचारणं किती गरजेचं आहे, ते आपल्या जिल्ह्याने नुकतंच अनुभवलं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुका आणि परिसरातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. काहींना तर काही दिवसांतच टक्कल पडलं. यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीही होत्या. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. आधी संशय पाण्यावर गेला. आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला.

त्या पोळीचा फोटो काढून अ‍ॅपला दाखवला असता, तर त्याने काय सांगितलं असतं? ‘एक पोळी, अमुक कॅलरी.’ बस्स. गहू कुठून आला आणि त्यात काय आहे, हे प्रश्न माणसांनी विचारले. गावकरी बोलले, डॉक्टरांनी ऐकलं, म्हणून बाहेर आलं. एकटी एखादी मुलगी ‘माझेच केस का गळतात’ म्हणत शाम्पू बदलत बसली असती, तर काहीच कळलं नसतं.

मग मोबाइलचं करायचं काय?

मोबाइल फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. मीही फेकणार नाही. फक्त त्याचं तोंड आपल्या पोटाकडून ताटाकडे वळवूया.

एक करून बघा. सात दिवस प्रत्येक जेवणाचा फोटो काढा. इन्स्टासाठी नाही, स्वतःसाठी. कॅलरी लिहू नका. फक्त चार खुणा करा : डाळ किंवा कडधान्य होतं का, हिरवी भाजी होती का, फळ होतं का, दूध-दही किंवा अंडं होतं का. होस्टेलच्या किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा-बारा जणांनी मिळून हे केलं, तर आठवड्याच्या शेवटी तुमच्याकडे मेसचा पक्का हिशेब तयार असेल. ‘जेवण चांगलं नाही’ ही तक्रार मेसवाल्या काकू रोज ऐकतात. ‘सात दिवसांत पालेभाजी एकदाच मिळाली, हे फोटो बघा’ असं म्हटलं की बोलणं पुढे सरकतं.

आणि काकूंशी भांडायला जाऊ नका. अडीच-तीन हजारांत महिनाभर दोन वेळचं जेवण देताना त्यांचीही ओढाताण होते. त्यांना विचारा, आठवड्यातून दोनदा मोड आलेली मटकी जमेल का? एका बटाट्याच्या भाजीऐवजी मेथी चालेल का? ताटात लिंबाची फोड ठेवाल का? लिंबामुळे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणासोबतचा चहा नेमकं उलटं करतो. ही माहिती फुकट आहे. स्टँडवरचे फुटाणे आणि गूळ-शेंगदाणेही कुठल्याच प्रोटीन बारएवढे महाग नाहीत.

कचोरी सोडायची का? शेगावला उतरायचं आणि तळलेल्या मिरचीसोबत कचोरी खायची नाही, असा सल्ला मी देणार नाही, कारण मीच पाळणार नाही. पण कचोरी ही खाऊ आहे, दुपारचं जेवण नाही, एवढं स्वतःला बजावता येतं.

कॉलेजांनाही एक विचारायचं आहे. कॅम्पसमध्ये जंक फूड नको, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कळवलं होतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा ‘ईट राइट कॅम्पस’ हा उपक्रम कॉलेजांसाठीही खुला आहे. मग आपल्या किती कँटीनमध्ये समोशाच्या शेजारी उसळीची वाटी किंवा केळं दिसतं? आहार सप्ताहाला रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा होते, त्याच दिवशी कँटीनचा फलकही बदलला तर काय बिघडेल? शिळं किंवा खराब अन्न मिळालं, तर तक्रारीसाठी त्याच प्राधिकरणाचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे अ‍ॅप आहे. कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपच्या शेजारी तेही असू द्या.

मी आता काही मोजत नाही. आमच्या रूमवर चौघींनी मिळून एक डबा मोड आलेल्या हरभऱ्यासाठी ठेवलाय. भिजवायची पाळी कोणाची, याचं रिमाइंडर मोबाइलवर लावलंय. सध्या तरी आमच्यासाठी आहाराचं सगळ्यात कामाचं अ‍ॅप तेच आहे.

तुमच्या ताटाचे सात दिवसांचे फोटो काढा आणि आठव्या दिवशी मेसच्या काकूंना भेटा. त्या काय म्हणाल्या, ते आम्हालाही कळवा.