अकरा महिन्यांपलीकडच्या भाडेकराराला हमी द्या : एक-सदनिका मालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : निवासी लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत आणि घराचा ताबा

महोदय,

आमचे सभासद पुण्यात राहत्या घराखेरीज एकच सदनिका बाळगून आहेत. अनेकांचे म्हातारपण तिच्या भाड्यावर चालते. एजंट अकरा महिन्यांचा मसुदा पुढे करतो आणि आम्ही सही करतो.

या रिवाजाला महाराष्ट्रात कायद्याचे कारण उरलेले नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली; ती टाळायला अकरा महिने रूढ झाले. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा म्हणते, मुदत कितीही असो. मुद्रांक शुल्कही साठ महिन्यांपर्यंत ०.२५ टक्केच. तीनदा अकरा महिने केले तर शहरात नोंदणी फी मात्र एक हजाराऐवजी तीन हजार पडते.

खरा तोटा रिकाम्या घराचा. २५,००० रुपये भाड्यावर नव्या करारात पाच टक्के वाढ मिळाली, तर अकरा महिन्यांत १३,७५० रुपये हाती येतात. वाढ नको म्हणून भाडेकरू गेला आणि घर महिनाभर बंद राहिले, तर २५,००० जातात. दलाली आणि रंगकाम वेगळेच. भाडेकरूलाही मुलांची शाळा सोडून दरवर्षी बिऱ्हाड हलवावे लागते.

तरी आम्ही लांब मुदतीला कचरतो. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा घर वापरण्याचा परवाना (लायसन्स) चालू होता, ते कायद्याने संरक्षित भाडेकरू झाले. ती धास्ती घराघरांत अजून आहे. आजच्या कायद्यातले कलम २४ मुदत संपल्यावर ताबा आणि दुप्पट भरपाई देते. पण निकालच लांबला, तर म्हाताऱ्या मालकाने तोवर जगायचे कशावर?

छोटी मुदत बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. मुलगा परदेशातून परतणार असेल, घर विकायचे असेल, तर अकरा महिनेच योग्य. निवड दोघांची असावी, भीतीची नसावी. म्हणून आमच्या मागण्या :

१. कलम २४ खालचे अर्ज ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून ताब्याचा अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढण्याचे बंधन घालावे. ही आमची मुख्य मागणी आहे. ती मान्य झाली तर तीन वर्षांचे करार आम्ही स्वतःहून करू.

२. ऑनलाइन नोंदणीत ११, २४ आणि ३६ महिन्यांचे नमुना करार ठेवावेत. वार्षिक वाढ, लॉक-इन आणि नोटिशीचा काळ त्यात स्पष्ट असावा.

३. त्याच भाडेकरूशी पुन्हा करार केल्यास नोंदणी फी निम्मी करावी.

४. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असा २००१ चा शासन आदेश आहे. तो न पाळणाऱ्या सोसायट्यांवर उपनिबंधकांनी कारवाई करावी.

पहिल्या मागणीवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद, पुणे