हात थरथरला म्हणजे म्हातारपणच असे समजू नका



आपल्या गावात कंपवाताचे रुग्ण किती, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "आमच्याकडे नाही तो रोग." मग पारावर बसलेल्या एखाद्या आबांचा हात मांडीवर नुसता ठेवला तरी हलतो, चालताना पाय घासत जातो, त्याला काय म्हणायचे? त्याला आपण 'वय झाले' म्हणतो आणि सोडून देतो.

या रोगाला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून हे नाव. मेंदूतील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात व त्यामुळे हालचालीवर ताबा राहतो. या पेशी हळूहळू मरत जातात. विहिरीचा झरा आटू लागला तरी पाणी तळाला जाईपर्यंत मोटार चालत राहते, तसेच येथे होते. बऱ्याच पेशी गेल्यावर मगच लक्षणे दिसतात.

आता थोडा हिशेब करू. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली. 14,010 माणसांत 46 रुग्ण सापडले, म्हणजे लाखाला 328. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण 2016 सालच्या अंदाजानुसार भारतात सुमारे 5 लाख 80 हजार रुग्ण होते, म्हणजे लाखाला साधारण 44. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार होती. याच दराने जिल्ह्यात 800 च्या आसपास आणि नऊ तालुक्यांत मिळून दर तालुक्याला 90 रुग्ण येतात. हा कागदावरचा हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरी रोग दुर्मिळ नाही एवढे त्यातून कळते. माणसे जास्त जगू लागली तसा तो वाढतोही आहे. जगात 1990 साली 25 लाख रुग्ण होते, 2016 साली 61 लाख झाले.

उपचार करणारे मात्र त्या मानाने फार थोडे. आपल्या देशात लाख लोकांमागे एकही मेंदूविकारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. जिंतूर किंवा पालमच्या खेड्यातून नांदेडला वा छत्रपती संभाजीनगरला जायचे तर रुग्णाबरोबर एक माणूस लागतो, दोघांचे भाडे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडते. रोग वर्षानुवर्षांचा, म्हणून फेऱ्याही वर्षानुवर्षांच्या. दवाखान्यात जातो तो एक दिवस. उरलेल्या दिवसांत आंघोळ, कपडे, जेवण हे सारे घरची सून, लेक किंवा म्हातारी बायको पाहते. रोगाचा खरा भार तिच्यावर असतो आणि तो कोणत्याही नोंदवहीत लिहिला जात नाही.

म्हणून घरच्यांनी लक्षणे वेळेवर ओळखावीत. हात स्वस्थ असताना कापणे व काम करताना कंप कमी होणे, हालचाल मंदावणे, अंग ताठरणे, पावले आखूड पडणे, आवाज बारीक होणे, अक्षर लहान होत जाणे, चेहरा निर्विकार दिसणे ही मुख्य लक्षणे. वास न येणे व बद्धकोष्ठ कधी कधी कितीतरी आधी सुरू होतात. काहींना कंप मुळीच येत नाही, हेही ध्यानात ठेवा. काही औषधांनीही अशीच लक्षणे येतात, म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय 2019 पासून सुरू झाली आहे, आशाताईंना विचारा.

रोग मुळातून बरा होत नाही, पण लेवोडोपाच्या गोळ्यांनी माणूस पुष्कळ वर्षे हिंडता-फिरता राहू शकतो. गोळी घड्याळाप्रमाणे, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास द्यावी. बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नये. त्यात धोका आहे. आपल्या बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांत हेच लेवोडोपा असते, पण कोणत्या बीत किती हे सांगता येत नाही. गोळ्या चालू असताना ती चूर्णे परस्पर घेऊ नयेत. रोज चालणे आणि मोठ्याने वाचणे, भजन म्हणणे यांचाही उपयोग होतो.

शेवटी आपल्या कामाची एक गोष्ट. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाशी सतत संबंध आलेल्यांत हा रोग अधिक आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. फ्रान्सने 2012 साली कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाबतीत तो व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला. प्रत्येक रुग्णाचे कारण फवारणीच असते असे नाही. तरीही कपाशी-सोयाबीनवर फवारताना हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान हवेच. द्रावण हाताने ढवळू नका, गळका पंप पाठीवर घेऊ नका आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

घरात साठीच्या पुढचे कोणी असेल तर या आठवड्यात त्यांचे चालणे आणि हात नीट पाहा. शंका आली तर पेरणी-काढणी उरकण्याची वाट न पाहता त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.