विश्लेषण : नगरसेवक नोकऱ्या देऊ शकतात का? महापालिकेच्या हातात नेमके काय?

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. पाणी, रस्ते आणि कचऱ्याबरोबर रोजगाराची आश्वासनेही त्या प्रचारात होती. रोजगार मेळावे, कौशल्य केंद्रे, आयटी पार्क, कंत्राटी कामगारांना कायम करणे, फेरीवाल्यांना हक्काची जागा अशी ही यादी होती. यातील किती गोष्टी महापालिकेच्या अखत्यारीत येतात?

कायदा काय सांगतो?

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यामुळे आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन हे त्यातीलच. मात्र, यातील कोणते अधिकार प्रत्यक्ष द्यायचे, हे राज्य सरकार ठरवते. शिवाय महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते.

कारखाने, आयटी पार्क कोण आणते?

हा विषय प्रामुख्याने राज्याचा. औद्योगिक भूखंड एमआयडीसी देते, सवलती राज्याच्या औद्योगिक धोरणातून मिळतात. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याची अटही राज्याच्याच धोरणातली. महापालिका रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि बांधकाम परवानग्या देऊन उद्योगांची वाट सोपी करू शकते. उद्योग आणण्याचा निर्णय घेऊ शकत नाही.

महापालिकेतील रिक्त पदे भरता येतील?

पदांच्या आकृतिबंधाला राज्य सरकारची मंजुरी लागते. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर भरतीला अडसर येतो. त्यामुळे अनेक शहरांत सफाई, पाणीपुरवठा, वाहनचालक ही कामे कंत्राटदारामार्फत होतात. कंत्राटी कामगारांना कायम करण्याचे आश्वासन सोपे, पण वाट लांबची असते. मुंबईतील २,७०० सफाई कामगारांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. २०१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंत्राटी कामगारांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो की नाही, हे तपासणे मात्र मुख्य मालक म्हणून महापालिकेचे कामच आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

फेरीवाल्यांबाबत अधिकार किती?

इथे महापालिकेच्या हातात बरेच काही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करणे, विक्री प्रमाणपत्र देणे आणि फेरीवाला क्षेत्रे आखणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे कायदा म्हणतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. पीएम स्वनिधी योजनेतील कर्जासाठीही महापालिकेची नोंद किंवा शिफारस लागते. पदपथ मोकळे करण्याचे आणि फेरीवाल्यांना जागा देण्याचे आश्वासन एकच उमेदवार देत असेल, तर फेरीवाला क्षेत्र नेमके कुठे, हे त्याने सांगायला हवे.

पैसा कुठून येणार?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतील जकात व इतर शहरांतील स्थानिक संस्था कर गेला. तेव्हापासून महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. स्वतःच्या हातात प्रामुख्याने मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि विकास शुल्क उरले. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता; पण लहान महापालिकांत पगार आणि निवृत्तिवेतनातच उत्पन्नाचा मोठा वाटा जातो. एकीकडे करमाफी आणि दुसरीकडे नोकरभरती अशी दोन्ही आश्वासने एकाच जाहीरनाम्यात असतील, तर हिशेब विचारणे रास्तच.

मतदारांनी काय पाहावे?

महापालिकेची सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती अर्थसंकल्प व मोठ्या कंत्राटांना मंजुरी देतात. नगरसेवकाचा खरा प्रभाव तिथेच असतो. मंडईचे गाळे कोणाला मिळतात, बचत गटांना महापालिकेची कामे मिळतात का, कंत्राटदार कामगारांना वेळेवर पगार देतो का, यावर शहरातील हजारो घरांची चूल अवलंबून असते. मुंबईसह अनेक महापालिकांत २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार असल्याने हे प्रश्न सभागृहात विचारणारेच कोणी नव्हते. दारात आलेल्या उमेदवाराला म्हणूनच दोन प्रश्न विचारता येतील : हे काम महापालिकेच्या अधिकारात आहे का, आणि त्यासाठी तरतूद कोणत्या खात्यातून होणार?