हयातीत हात रिकामे करू नका



आखाजीला आपण घरोघर पितरांची घागर भरतो. गेलेल्या माणसाला न विसरणारा हा आपला मुलूख आहे. पण जिवंत म्हाताऱ्यांची सोय आपण तितक्याच आस्थेने पाहतो काय, हे एकदा विचारलेच पाहिजे.

मागे दिवाळीच्या साखर वाटपात तळोदा भागातील एक वृद्ध सभासद उन्हात रांगेत उभे होते. मुलाला पाठवायचे होते, असे आम्ही म्हणालो. हातातले कार्ड दाखवून ते म्हणाले, "आते मना नाववर इतलंच शे, भाऊ." सगळे शेत त्यांनी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिले होते. उसाची नोंद मुलाची, बिल मुलाच्या खात्यावर. कारखान्याचा भाग बदलायचा तेवढा राहून गेला, म्हणून साखर त्यांची! मुलगा दुष्ट नाही. दोन वेळचे जेवण मिळते. पण डोळ्यांच्या औषधाला पैसे मागताना बापाची मान खाली जाते.

हे प्रकार का होतात? मुलाला किंवा मुलीला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. पोराला पीककर्जासाठी सातबारा हवा असतो. शिवाय "मागाहून भांडणे नकोत" असे चार लोक सांगतात. भांडणे नकोत हे खरे. पण त्यासाठी हयातीतच हात रिकामे करण्याचे कारण नाही. त्याला मृत्युपत्र हा उपाय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, स्टॅम्प लागत नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. साक्षीदार वाटा न मिळणारे व वयाने लहान असलेले घ्यावेत, म्हणजे पुढे साक्षीला उपयोगी पडतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून ठेवलेली बरी. मुख्य म्हणजे ते अंमलात येते मृत्यूनंतर. तोवर जमीन तुमची, बिल तुमचे, आणि मन बदलले तर कागदही बदलता येतो. बक्षीसपत्राचे तसे नाही. मात्र वडिलार्जित जमिनीत आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, पोराच्या हाती कारभार द्यायचा नाही काय? जरूर द्यावा. पण सगळे देऊ नये. पोटापुरता तुकडा आपल्या नावे राखावा. आणि बक्षीसपत्र करायचेच झाले, तर "देणाऱ्याचा सांभाळ व औषधपाणी घेणाऱ्याने करावे" ही अट त्यात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे ही अट मोडली, तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईला तिची जमीन अशीच परत मिळवून दिली. याच कायद्याखाली महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.

दुसरी गोष्ट कारखान्याच्या भागाची. पुष्कळ सभासद समजतात, नामनिर्देशनात नाव घातले की तो मालक झाला. तसे नाही. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांनी मृत्युपत्र केले होते. पण काही गुंतवणुकीवर नामनिर्देशन तेवढे होते. २०१३ साली ते गेल्यावर त्यावरून वारसांत दावा झाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकाल दिला, की नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. वर्षाचे पंचांग घरोघर पोचविणाऱ्याच्या घरी हे घडले, तेथे आपली काय कथा! तेव्हा नामनिर्देशन जरूर करा, म्हणजे भाग वर्ग होताना खोळंबा होत नाही. पण मृत्युपत्रातही भागाचा उल्लेख ठेवा.

तिसरी गोष्ट लेकीची. ती आखाजीला माहेरी येते, झोका खेळते आणि जाताना भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतो. महाराष्ट्राने १९९४ साली व देशाने २००५ साली मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० च्या निकालाने तो जन्मापासूनचा ठरला. तिने खुशीने सोडला तर तिची मर्जी. पण न वाचता घेतलेली सही म्हणजे पुढच्या दाव्याचे बी होय.

आपल्या आदिवासी सभासदांची बाब निराळी आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तेथे जमातीची रूढी पाहिली जाते. तरीही जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना, तिच्या वारसांना समान वाटा दिला. शिवाय आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन आहे. म्हणून दुसऱ्याच्या कागदाची नक्कल करू नये. जाणत्या वकिलाला विचारूनच लिहावे.

कारखान्यानेही गटवार मेळाव्यात बेण्या-खताबरोबर एक तास या विषयाला द्यावा आणि वकील बोलवावा, अशी आमची सूचना आहे. उसाची नोंद आपण लागणीनंतर लगेच करतो, तोडणी आल्यावर नव्हे. आपल्या मिळकतीचेही तसेच करावे. यंदा मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक वयस्क सभासदाने आपला कागद पुरा करावा, ही कळकळीची विनंती.